फुग्याखाली टांगलेली वेधशाळा

मीरा रोडला राहणाऱ्या माणसाला हवेतील बाष्पाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये मिठागरे. जुलै महिन्यात दोरीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि आगपेटीतल्या निम्म्या काड्या वाया जातात. अशाच एका पावसाळी दिवशी येथील एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलण्याचा योग आला. मी त्यांना विचारले, "आपल्या डोक्यावर, अगदी वरपर्यंत जेवढी हवा आहे, तिच्यातले सगळे बाष्प खाली आणून त्याचे पाणी केले आणि ते जमिनीवर सारखे पसरले, तर त्याची उंची किती भरेल?" कोणी म्हणाले दोन मजले, कोणी म्हणाले पुरुषभर. खरे उत्तर आहे, भर पावसाळ्यात सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर. म्हणजे करंगळीएवढे!

एवढेसे पाणी, पण अवकाशातून येणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाला ते भिंतीसारखे अडवते. ती भिंत ओलांडण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाची दुर्बीण प्रचंड फुग्याला टांगून ३० किलोमीटरहून अधिक उंचीवर नेली, ही गोष्ट मी मुलांना सांगितली. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, उपग्रह असताना फुगा कशाला?"

प्रश्न साधा वाटतो, पण हाच प्रश्न १९८३ साली त्या शास्त्रज्ञांसमोर खरोखरच उभा राहिला होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे दिले, हे या लेखात पाहू.

तांबड्याच्या पलीकडे

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकातील पारा सर्वांत जास्त चढला. डोळ्यांना न दिसणाऱ्या या प्रकाशाला आपण अवरक्त किरण म्हणतो.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. हे प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वांत तीव्र असते, ते काढण्याचा नियम सोपा आहे. २,९०० या संख्येला वस्तूच्या केल्व्हिनमधील तापमानाने भागले की ती तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन, म्हणून उत्तर अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाश. आपले शरीर ३१० केल्व्हिन, म्हणून सुमारे ९ मायक्रॉन. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे.

आता याच नियमाने तारे जेथे जन्माला येतात तेथे जाऊ. वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगांत तारे तयार होतात. नव्या ताऱ्याचा प्रकाश भोवतालच्या धुळीत अडकतो, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून तेथे केवळ काळोख दिसतो. पण अडकलेला प्रकाश नाहीसा होत नाही. त्याने धूळ किंचित तापते. 'तापते' म्हणजे किती? २० ते ४० केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्या दृष्टीने ही कमालीची थंडी आहे. तरीही नियमाप्रमाणे या धुळीचे प्रारण ७० ते १५० मायक्रॉनच्या पट्ट्यात सर्वांत तीव्र असते. यालाच दूरचे अवरक्त म्हणतात. ताऱ्याचे बाळंतघर पाहायचे, तर याच प्रकाशात पाहायला हवे.

आणि नेमका हाच प्रकाश बाष्पाचे रेणू शोषून घेतात. समुद्रसपाटीवरून, अगदी उंच डोंगरावरूनसुद्धा, १०० मायक्रॉनच्या आसपासचे आकाश बंद असते.

विमान की फुगा?

बाष्पाचा एक गुण आपल्या उपयोगी पडतो. ते बहुतेक सर्व खालीच साचलेले असते. म्हणून वर जाणे हाच उपाय. अमेरिकेत फ्रँक लो या शास्त्रज्ञाने १९६१ साली जर्मेनियमचा अतिशय संवेदनशील उष्णतामापक, म्हणजे बोलोमीटर, तयार केला आणि त्याच दशकात ३० सेंटिमीटर व्यासाची लहानशी दुर्बीण लिअरजेट विमानातून वर नेली. त्यानंतर एका मोठ्या मालवाहू विमानात ९१ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसवण्यात आली. कायपर वेधशाळा या नावाने ओळखले जाणारे हे विमान १९९५ पर्यंत साडेबारा किलोमीटर उंचीवरून निरीक्षणे घेत होते.

या वेधशाळेचा सुरुवातीच्या काळातील सर्वांत गाजलेला शोध मात्र बाष्पाशी संबंधित नव्हता. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ही घटना नीट दिसावी म्हणून विमान हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर नेण्यात आले. ग्रहाआड जाण्यापूर्वी तारा काही वेळा क्षणभर मंद झाला आणि पुन्हा बाहेर आल्यावरही तसाच मंद झाला. युरेनसभोवतीची कडी अशी सापडली. त्याच रात्री तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतही ताऱ्याचे असे मंद होणे नोंदले गेले होते. वेधशाळा हलवता आली तर काय साधते, याचा हा धडा होता.

मग आपणही विमानच का वापरले नाही? खर्चाचा प्रश्न होताच, पण त्याहून मूलभूत कारण भूगोलात आहे. हवेच्या खालच्या थराला तपांबर म्हणतात. ढग, पाऊस, बाष्प सारे याच थरात असते. त्याची वरची सीमा सगळीकडे सारख्या उंचीवर नसते. मध्यम अक्षांशांवर ती १० ते १२ किलोमीटरवर असते, तर आपल्याकडे उष्ण कटिबंधात १६ ते १७ किलोमीटरवर. म्हणजे साडेबारा किलोमीटरवरून उडणारे विमान अमेरिकेवर बहुतेक वेळा कोरड्या स्थितांबरात शिरलेले असते, पण भारतावर ते अजून तपांबरातच असते. फुगा मात्र या सीमेच्या कितीतरी वर जातो. ३० किलोमीटरवर डोक्यावरची हवा जमिनीवरच्या तुलनेत सुमारे एक टक्का उरते आणि तीही अत्यंत कोरडी असते. शाळेतल्या त्या करंगळीएवढ्या पाण्यातले तेथे अर्धा मायक्रॉनसुद्धा शिल्लक राहत नाही.

फुग्यांचा जुना घरोबा

टाटा संस्थेला फुगे नवे नव्हते. वैश्विक किरणांचा अभ्यास हा होमी भाभांचा आवडता विषय. १९४० च्या दशकातच त्यांनी बंगळूरहून रबरी फुग्यांना उपकरणे बांधून वर सोडली होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ ही चाळण सर्वांत कडक असते. भारताचे स्थान अशा कामाला मोलाचे आहे, हे भाभांनी हेरले होते.

रबरी फुगा वर जाता जाता ताणला जातो आणि फुटतो. जड उपकरण तासन् तास एका उंचीवर ठेवायचे, तर पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याचा फुगा लागतो. १९५० च्या दशकापासून संस्थेत असे फुगे बनू लागले. साठचे दशक संपता संपता हैदराबादला त्यासाठी कायमचे केंद्र उभे राहिले. फुग्यांची रचना आणि उड्डाणे या कामाशी आर. टी. रेडकर आणि एस. व्ही. दामले ही नावे जोडलेली आहेत.

येथेही उष्ण कटिबंधाने एक अडचण पुढे केली. तपांबराची सीमा उंच असल्यामुळे तेथील तापमानही फार कमी, म्हणजे शून्याखाली ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली असते. परदेशात सहज चालणारा पापुद्रा या थंडीत कडक होऊन तडकण्याची भीती असते. त्यामुळे येथील थंडीत टिकेल असा पापुद्रा निवडणे आणि त्याची कसून परीक्षा घेणे, हे काम येथेच करावे लागले. दुर्बिणीच्या आधी फुगा वर टिकायला हवा, हे आकाशाकडे पाहणाऱ्यांच्या लक्षात चटकन येत नाही!

दुर्बीण कशी होती?

संस्थेच्या अवरक्त गटात श्याम टंडन, टी. एन. रेंगराजन, आर. पी. वर्मा, के. व्ही. के. अय्यंगार, स्वर्णकांती घोष ही मंडळी होती. वैश्विक किरणांच्या अभ्यासातील जुने जाणते आर. आर. डॅनियल यांचाही त्यात सहभाग होता. त्यांनी उभारलेल्या दुर्बिणीचा मुख्य आरसा एक मीटर व्यासाचा होता. कायपर विमानातील आरशापेक्षा तो थोडा मोठाच.

पण आरसा मोठा असून भागत नाही. खरी अडचण पुढे आहे. दूरच्या अवरक्तात पाहायचे तर दुर्बीण स्वतःच 'चकाकत' असते. तिचा आरसा, तिची चौकट, वर उरलेली थोडी हवा, सगळेच उबदार आहे आणि सगळेच प्रारण सोडते आहे. तुलनेने तेजोमेघाकडून येणारे प्रारण अगदी क्षीण. मालाने भरलेला ट्रक काट्यावर चढवून त्यात ठेवलेल्या पोस्टकार्डाचे वजन करावे, तसा हा प्रकार आहे.

त्यावरची युक्ती अशी. दुर्बिणीतील लहान आरसा सेकंदाला दहा वेळा थोडासा हलवायचा. त्यामुळे उपकरणाला एकदा तेजोमेघ दिसतो आणि लगेच त्याच्या शेजारचे रिकामे आकाश. ट्रक दोन्ही वेळा तोच असतो, पोस्टकार्ड मात्र एकदा असते आणि एकदा नसते. दोन्ही मोजमापांतला फरक काढला की ट्रक वजा होतो आणि पोस्टकार्ड उरते.

शिवाय मोजणारे उपकरण स्वतः थंड हवे. म्हणून बोलोमीटर द्रव हेलियमच्या थर्मासमध्ये ठेवलेला असे. उड्डाणापूर्वी जमिनीवर भरलेले हेलियम रात्रभर पुरायला हवे, कारण वर कोणी माणूस नाही.

वर माणूस नाही, हाच विमान आणि फुगा यांतला मोठा फरक. विमानात शास्त्रज्ञ दुर्बिणीबरोबर बसलेला असतो. एखादी तार सुटली तर तो ती जोडू शकतो. फुग्याखालची दुर्बीण दोरखंडाला लोंबकळत असते, हळूहळू गोल फिरत असते, झुलत असते. ती एका ताऱ्यावर रोखून धरायची, तेजोमेघावरून ओळीओळीने फिरवायची आणि हे सगळे जमिनीवरून रेडिओच्या आज्ञांनी करायचे. फिरणारी दुर्बीण स्थिर ठेवण्यासाठी जड चाके उलट दिशेने फिरवतात. फिरत्या खुर्चीवर बसून हातात सायकलचे फिरते चाक धरले आणि ते वाकडे केले की खुर्ची वळते, हा प्रयोग अनेक शाळांत दाखवतात. तेच तत्त्व येथे आहे.

एका उड्डाणात निरीक्षणासाठी हाती येतात काही तास. पहिला ग्रह दिसतो तो तपासणीसाठी. गुरू किंवा शनी किती प्रारण देतो हे आधीच माहीत असते. त्यावरून उपकरणाचे माप ठरवतात आणि मग तेजोमेघांकडे वळतात. पहाटे वाऱ्याने फुगा दूर नेला, की आज्ञा देऊन उपकरण सोडवायचे आणि हवाई छत्रीने खाली आणायचे. महिनोन् महिने तयारी केल्यावर पदरात पडते ती एक रात्र.

१९८३ : बाजी हातची गेली?

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून आयरस हा उपग्रह सोडला. त्याची ५७ सेंटिमीटरची दुर्बीण सगळीच्या सगळी द्रव हेलियमने थंड केलेली होती. म्हणजे ट्रकच नाहीसा केला! हेलियम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिन्यांत, त्याने जवळजवळ सगळे आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला तपासले आणि सुमारे अडीच लाख बिंदूस्रोतांची यादी तयार केली.

एका रात्रीत मोजके तेजोमेघ पाहणाऱ्या फुग्याने या यादीसमोर काय करायचे? दुर्बीण गुंडाळून ठेवावी, असे कोणी सुचवले असते तर ते वेडेपणाचे ठरले नसते. विज्ञानात असे प्रसंग नेहमी येतात. आपण विहीर खणत असताना शेजारी कालवा येतो. तेव्हा दोन मार्ग असतात. एक, खणणे थांबवायचे. दुसरा, कालव्याचे पाणी कोठे पोहोचत नाही, ते शोधायचे.

मुंबईच्या गटाने दुसरा मार्ग धरला. आयरसची यादी नीट पाहिली तर तिच्यात तीन जागा मोकळ्या होत्या.

पहिली जागा तरंगलांबीची. आयरस १०० मायक्रॉनच्या पट्ट्यावर थांबला होता. आपला नियम आठवा. २० केल्व्हिनच्या धुळीचे प्रारण १४५ मायक्रॉनला सर्वांत तीव्र असते. म्हणजे सर्वांत थंड धूळ, आणि ढगातील बरेचसे वस्तुमान याच धुळीबरोबर असते, ती आयरसच्या डोळ्याला पुरती दिसत नव्हती. टाटा संस्थेची दुर्बीण १२० मायक्रॉनच्या पुढे पाहत होती.

दुसरी जागा बारकाईची. आयरसचे काम सगळे आकाश झपाट्याने झाडून काढण्याचे होते. त्यासाठी त्याचे १०० मायक्रॉनचे संवेदक मोठ्या चौकटीचे होते, आकाशात सुमारे ३ × ५ चाप-मिनिटे. पूर्ण चंद्राचा व्यास ३० चाप-मिनिटे असतो, त्यावरून कल्पना यावी. एवढ्या चौकटीत दाट वस्तीतले चार-पाच नवे तारे एकच ठिपका होऊन जातात. एक मीटरचा आरसा आणि जास्तीत जास्त एंट्रॉपी या नावाची गणिती रीत वापरून मुंबईच्या गटाने एका चाप-मिनिटाच्या आसपासचा तपशील वेगळा काढला.

तिसरी जागा अक्षांशाची. हिचे गणित वर्गात करण्याजोगे आहे. आकाशातील वस्तूची दक्षिण क्रांती आणि आपला उत्तर अक्षांश यांची बेरीज ९० मधून वजा केली, की ती वस्तू क्षितिजावर जास्तीत जास्त किती अंश चढेल ते मिळते. कॅरिना तेजोमेघ हा आकाशगंगेतील अत्यंत तेजस्वी, प्रचंड ताऱ्यांनी भरलेला प्रदेश. त्याची दक्षिण क्रांती सुमारे ६० अंश. अमेरिकेतील टेक्सासमधील पॅलेस्टाइन हे फुग्यांचे केंद्र जवळजवळ ३२ अंश उत्तरेला. बेरीज ९२, म्हणजे तो तेजोमेघ तेथे क्षितिजावर येतच नाही. हैदराबाद साडेसतरा अंशांवर. तेथे तो सुमारे १३ अंशांपर्यंत चढतो. जमिनीवरून १३ अंश म्हणजे धुरकटात बुडालेले आकाश. पण ३० किलोमीटरवरून, जेथे हवाच उरलेली नाही, तेथून १३ अंशसुद्धा पुरतात. आयरसने कॅरिना पाहिला होता, पण जाड नजरेने. फुग्यावरच्या दुर्बिणीने तो जवळून पाहिला आणि १९८८ साली त्याचा नकाशा एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी धनू राशीच्या दिशेला असलेल्या डब्ल्यू-३१ या तारकाजन्माच्या प्रदेशाचा अभ्यासही तेथेच छापून आला.

आयरसमुळे हे काम निरर्थक तर झाले नाहीच, उलट अधिक नेमके झाले. कोठे पाहायचे ते आता यादी सांगत होती आणि दोघांची मोजमापे एकत्र केली की धुळीचे तापमान अधिक खात्रीने काढता येत होते.

परत येणारे उपकरण

येथे फुग्याचा एक गुण लक्षात घ्यायला हवा, जो त्या काळच्या कोणत्याही अवरक्त उपग्रहात नव्हता. फुग्यावरचे उपकरण परत येते.

हैदराबादच्या केंद्रातून उड्डाणांपूर्वी जनतेसाठी सूचना काढतात. उपकरणे विशाखापट्टण–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत उतरू शकतात. सापडल्यास उघडू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवावे, असे त्यात सांगितलेले असते. म्हणजे सोलापूरकडच्या एखाद्या ज्वारीच्या शेतात पहाटे हवाई छत्री उतरली, तर तिच्याखाली ताऱ्यांच्या जन्माची नोंद करणारे यंत्र असू शकते. अशा वेळी शेतकऱ्याने ते न हाताळता राखणे हाही प्रयोगाचाच भाग असतो. त्या भागातील शिक्षकांनी ही सूचना वर्गात वाचून दाखवली तर ते फार उपयोगाचे होईल.

परत आलेले उपकरण दुरुस्त होते, सुधारते आणि पुन्हा उडते. उपग्रहावर चढवलेला संवेदक शेवटपर्यंत तोच राहतो. फुग्याखालचा संवेदक पुढच्या उड्डाणाला बदलता येतो. सुरुवातीला एका वेळी आकाशाच्या एकाच ठिपक्याकडे पाहणारे बोलोमीटर होते. १९९० च्या दशकात त्यांच्या जागी बारा बोलोमीटरांचा संच आला. सहा एका पट्ट्यासाठी आणि सहा दुसऱ्यासाठी. दुर्मीळ हेलियम-३ वापरून ते निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.३ केल्व्हिन इतके थंड केले जात. नोव्हेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये हा संच उडाला.

दोन पट्टे कशासाठी? साधारण १५० आणि २१० मायक्रॉनला एकाच क्षणी, आकाशाच्या एकाच भागाचे मोजमाप घेतले, की त्यांच्या गुणोत्तरावरून तेथील धुळीचे तापमान काढता येते. लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून त्याची उष्णता ओळखतो, तसेच हे. फरक एवढाच की लोहाराचे लोखंड हजार अंशांवर असते आणि ही धूळ शून्याखाली अडीचशे अंशांवर.

१९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांनी बनवलेला एक वर्णपटमापक याच एक मीटरच्या दुर्बिणीला जोडला गेला. तो १५८ मायक्रॉनची एकच रेषा पाहतो. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या अणूंची ही रेषा. ताऱ्यांमधील वायू आपली उष्णता मुख्यतः याच रेषेतून बाहेर टाकतो आणि थंड होतो. थंड झाला तरच तो आकसतो आणि आकसला तरच नवे तारे होतात. धुळीचे तापमान मोजणारी दुर्बीण आता वायू कसा निवतो ते पाहू लागली. दुर्बीण तीच, प्रश्न नवा.

मोठ्यांच्या मागून

फुग्यावरच्या दुर्बिणीने मिळवलेली जागा कायम तिचीच राहणार नव्हती. २००६ साली जपानचा अकारी आणि २००९ साली युरोपचा हर्शेल हे उपग्रह गेले. हर्शेलचा आरसा साडेतीन मीटरचा. १०० मायक्रॉनपलीकडची थंड धूळ त्याने जेवढ्या बारकाईने दाखवली, तेवढी एक मीटरच्या आरशाला दाखवणे शक्य नाही. पण २०१३ मध्ये हर्शेलचे हेलियम संपले आणि त्याचा डोळा मिटला.

विमानातील वेधशाळेलाही वारस मिळाला होता. अमेरिका आणि जर्मनी यांनी बोइंग ७४७ जातीच्या विमानात अडीच मीटर व्यासाची दुर्बीण बसवून सोफिया ही वेधशाळा उभारली. २६ मे २०१० च्या रात्री तिने प्रथम आकाश पाहिले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिची सुरुवातीची वैज्ञानिक उड्डाणे सुरू झाली. पहिल्या लक्ष्यांपैकी एक होता मृग नक्षत्रातील तेजोमेघ. २०११ मध्ये तिला जोडलेला जर्मन वर्णपटमापक ज्या रेषांसाठी विशेष नावाजला गेला, त्यांत १५८ मायक्रॉनची कार्बनची तीच रेषा होती. बोइंग विमानातील वेधशाळा आणि हैदराबादहून सुटणारा फुगा एकाच प्रश्नाचा पाठलाग करत होते. सोफियाचे शेवटचे उड्डाण सप्टेंबर २०२२ मध्ये झाले.

फुग्याच्या कामातून आणखी एक गोष्ट मिळाली, जी कोणत्याही यादीत छापली जात नाही. ती म्हणजे यंत्रे बनवू शकणारी माणसे. श्याम टंडन पुढे पुण्याच्या आयुकात गेले आणि भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. हा उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. स्वर्णकांती घोष पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. ज्यांनी रात्रीच्या अंधारात, हात न लावता, डोलणारी दुर्बीण ताऱ्यावर स्थिर ठेवली, त्यांना उपग्रहावर दुर्बीण बसवणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या मुलीला दिलेले उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. उपग्रह असताना फुगा कशाला?

मी तिला म्हटले, "तुझ्या मोठ्या बहिणीने घरातले सगळे कपाट आवरले असले, तरी एखादा खण तिच्या हाती लागलेला नसतो. तो कोणता, हे शोधायचे असेल तर आधी तिने काय आवरले ते नीट पाहावे लागते." मुले हसली. पण ती मुलगी थांबली नाही. तिने विचारले, "आणि तो खण पण दुसऱ्या कोणी आवरला तर?"

तर मग पुढचा खण. टाटा संस्थेच्या दुर्बिणीने तेच केले. आधी थंड धूळ, मग दोन पट्ट्यांतून तिचे तापमान, मग कार्बनची रेषा. प्रत्येक वेळी उपकरण खाली आणून, त्यात बदल करून, ते पुन्हा वर पाठवून. मोठ्या देशाचा मोठा उपग्रह आल्याने लहान गटाचे काम संपत नाही. संपते ते फक्त कालचे काम.

शिक्षकांसाठी एक लहानसा गृहपाठ सुचवतो. वर दिलेल्या रीतीने आपल्या गावाहून कॅरिना तेजोमेघ किती अंश चढेल ते मुलांना काढायला सांगावे. मीरा रोडचा अक्षांश सव्वाएकोणीस अंश, म्हणून उत्तर येते सुमारे ११. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर तासाभरात तो नेमका दक्षिणेला असतो. आमच्या गच्चीवरून तेथे मुंबईच्या दिव्यांचा उजेड आणि धुरकटच दिसते. सोलापूरच्या किंवा सिंधुदुर्गाच्या एखाद्या अंधाऱ्या माळावरून, कोरड्या रात्री, साध्या द्विनेत्रीतून तेथे एक फिकट ठिपका दिसू शकेल. मुलांना तो दाखवावा आणि सांगावे की त्यातली धूळ शून्याखाली शेकडो अंशांवर असूनही उजळते, आणि तो उजेड आपल्या माणसांनी आपल्याच आकाशातून, फुग्याखालून पाहिला आहे.